ज्योत कॉम्प्युटरवर पेटवायची: रान्स, एलईएस की डीएनएस?

एम.टेक.चा प्रोजेक्ट असो की पीएचडीचं पहिलं वर्ष, टर्ब्युलंट (खळबळत्या प्रवाहातल्या) ज्योतीचं सिम्युलेशन करायचं ठरलं की हा प्रश्न येतोच: प्रवाहाची फक्त सरासरी काढायची (रान्स), मोठे भोवरे सोडवून बारीक भोवऱ्यांना मॉडेल लावायचं (एलईएस), की सगळंच थेट सोडवायचं (डीएनएस)? नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक ज्योत समोर ठेवू: अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेची ‘फ्लेम डी’. 7.2 मिलिमीटर व्यासाच्या नळीतून एक भाग मिथेन, तीन भाग हवा असं मिश्रण सेकंदाला जवळपास 50 मीटर वेगानं सुटतं आणि त्याच्याभोवती मुख्य ज्योत पेटती ठेवणाऱ्या छोट्या पायलट ज्योतीचं कडं असतं. रेनॉल्ड्स अंक (जितका मोठा, तितका प्रवाह खळबळता) 22,400. मोजमापं सगळ्यांना खुली आहेत, त्यामुळे आपलं उत्तर चुकलं तर लपवायला जागा नाही.

डीएनएसचा विषय आधी संपवू. त्यात मॉडेल नाही, प्रत्येक भोवरा मेशवर (गणितासाठी जागेचे पाडलेले बारीक चौकोन) दिसायला हवा. पूर्वमिश्रित (इंधन आणि हवा आधीच मिसळलेल्या) मिथेन ज्योतीची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे 50 मायक्रॉनचा चौकोन धरला तरी 10 सेंटिमीटरच्या खोक्यात 800 कोटी बिंदू होतात. शिवाय रेनॉल्ड्स अंक दुप्पट झाला की खर्च साधारण आठपट. मॉडेलच तपासायचं असेल आणि हाताशी महासंगणक असेल, तरच या वाटेला जा.

रान्स म्हणजे सगळा हिशोब सरासरीत. फ्लेम डी गोल असल्यामुळे तिची पाच अंशांची फोड कापली तरी काम भागतं, घरच्या कॉम्प्युटरवरसुद्धा. ओपनफोम या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ही केस ट्युटोरियल म्हणून तयारच मिळते. रान्समध्ये खळबळीसाठी नेहमी वापरलं जाणारं के-एप्सिलॉन मॉडेल गोल जेटला (नळीतून सुटलेल्या झोताला) वाजवीपेक्षा जास्त पसरवतं, म्हणून त्यातला 1.44 चा गुणांक 1.6 च्या आसपास नेतात. याला शास्त्र म्हणा की जुगाड, तुमची मर्जी.

पण खरी गोम वेगळीच आहे. समजा, एका जागी निम्मा वेळ 300 केल्व्हिनचा गार वायू आहे आणि निम्मा वेळ 2,000 चा. सरासरी 1,150. त्या तापमानाचा वायू तिथे कधीच नव्हता! रासायनिक वेग तापमानाबरोबर घातांकी वाढतो, त्यामुळे 1,150 वर काढलेला वेग आणि खऱ्या वेगांची सरासरी यांचा काही मेळच बसत नाही. ही दरी बुजवण्यासाठीच फ्लेमलेट, ईडीसी, पीडीएफ ही ज्वलनाची मॉडेलं आहेत.

अनेकांना वाटतं की एलईएस घेतलं की यातून सुटका झाली. होत नाही. मोठे भोवरे मेशवर दिसतात, मिश्रणाचं चित्र कितीतरी सुधारतं, पण ज्योत बहुतेक वेळा मेशच्या चौकोनापेक्षा बारीकच राहते. ज्वलनाचं मॉडेल लागतंच. उलट, रान्सला ट्रान्सपोर्टेड पीडीएफ (तापमान आणि घटकांच्या चढउतारांची संभाव्यताच सोडवणारं मॉडेल) जोडून लोकांनी याच मालिकेतली फ्लेम एफसुद्धा पकडली आहे, जिचा रेनॉल्ड्स अंक डीच्या दुप्पट आणि जी जागोजागी विझून पुन्हा पेटते.

म्हणून मी आधी विचारेन: तुम्हाला हवंय काय? सरासरी तापमानाचा आलेख हवा असेल तर रान्स करा आणि वाचलेला वेळ रसायनावर घाला. ज्योतीचं विझणं, थरथरणं, ध्वनीशी जुळून हेलकावणं हा विषय असेल, तर एलईएस. फक्त तिथे फोड चालत नाही. भोवरे तिन्ही दिशांना ताणले जातात, द्विमितीत ते ताणलेच जात नाहीत. मी एकदा हौसेनं द्विमितीय ‘एलईएस’ करून पाहिलं होतं. व्हिडिओ देखणा आला, आकडे एकही जुळला नाही. शिवाय एलईएसमध्ये नळीच्या तोंडाशी खरीखुरी खळबळ द्यावी लागते, ज्योत स्थिरावल्यावर पुढे कितीतरी वेळ नमुने गोळा करावे लागतात, आणि क्लस्टरच्या रांगेत तुमच्या पुढे कोणीतरी असतंच.