शेवट ठाऊक असताना: गणपतीतल्या रात्री कोणती प्रेमकथा लावाल?

कुडाळ-मालवणकडच्या घरांत चतुर्थीनंतरच्या रात्री एक ठरलेला वाद होतो. आरत्या झालेल्या असतात, भजनीमंडळी उसळ-पाव खाऊन पुढच्या घरी गेलेली असतात, मुंबईहून आलेले चाकरमानी मात्र झोपायला तयार नसतात. बाहेर पाऊस. कुणीतरी खिशातून पेनड्राइव्ह काढतो. नवीन काही लावलं तर अर्धी ओटी घोरायला लागते, म्हणून जुनंच लावायचं. हसवणारं, प्रेमाचं, आणि आजीसमोर मान खाली घालायला लावणार नाही असं. इथवर एकमत असतं. कोणतं, यावर तासभर जातो.

आमच्या एका काकीचा आक्षेप मुळावरच असतो: "शेवटाक लगीन होतलाच मा, मगे परत बघूचा कशाक?" ही तीच काकी, जी जत्रेच्या दिवसांत थंडीत गोधडी गुंडाळून पहाटेपर्यंत दशावतार बघते. पुराणातली कथा तिला पाठ असते. कोण मरणार आणि कोणाचा उद्धार होणार हे गणपतीचं सोंग आत जायच्या आधीच तिला ठाऊक असतं. संवाद मात्र लिहिलेले नसतात. नट ते उभ्या उभ्या रचतात आणि माणसं ते ऐकायला बसतात. प्रेमाच्या विनोदी सिनेमाचंही तसंच आहे. लग्न होणार हे पहिल्यांदा बघतानाच माहीत असतं. मजा असते ती दोघं एकत्र यायला जो उशीर लागतो त्याची.

म्हणून माझी कसोटी साधी आहे: हा उशीर कशामुळे होतो ते बघा. अडथळा बाहेरून आणून ठेवलेला असेल, म्हणजे खडूस बाप किंवा भलत्याच्या हाती पडलेली चिठ्ठी, तर दुसऱ्या वेळी तो पोकळ वाटतो. अडथळा माणसाच्या स्वभावातच असेल, तर तो दहाव्यांदाही खरा वाटतो. रवी जाधव यांचा 'टाईमपास' (2014) घ्या. दगडू आणि प्राजक्ताच्या आड येतो तो तिचा बाप. पहिल्यांदा त्याचा राग येतो. पुन्हा बघताना मी वैभव मांगले यांच्या त्या बापासाठीच थांबतो आणि प्रेमाचे प्रसंग आले की चहा टाकायला उठतो. शिवाय पहिल्या भागात दोघांची ताटातूट होते, म्हणजे दुसरा भागही हाताशी हवा. घरात शाळा-कॉलेजातली पोरं जास्त असतील तर जरूर लावा. मी माझा मोर्चा दुसरीकडे वळवतो.

माझ्या यादीत सगळ्यात वर बासू चटर्जी यांचा 'छोटी सी बात' (1976). अरुण रोज बसच्या रांगेत प्रभाच्या मागे उभा राहतो आणि बोलत नाही. एवढंच कथानक. त्याला कुणी अडवलेलं नाही, जातीचा, पैशाचा, घरच्यांचा काही प्रश्न नाही. तो बुजरा आहे, बस्स. मग स्कूटरवाला नागेश येतो, आणि असरानीने तो इतका बेफिकीर केलाय की त्याचा रागही धड येत नाही. स्पर्धेत उतरायचं म्हणून अरुण एक खटारा मोटारसायकल विकत घेतो, तिथे आमच्या ओटीवर दरवर्षी कुणीतरी आपल्या पहिल्या सेकंडहँड गाडीची गजाल सुरू करतो. पुढे तो खंडाळ्याला कर्नलकडे, म्हणजे अशोक कुमार यांच्याकडे, शिकवणी घ्यायला जातो. मूळ कल्पना 'स्कूल फॉर स्काउंड्रल्स' या 1960 च्या ब्रिटिश सिनेमातली आहे, पण बसचा थांबा, ऑफिसातली टेबलं, जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार कॅफे, हे सगळं शंभर टक्के मुंबईचं. ते कॅफे 2015 साली बंद झालं.

हे मुंबईपण कोकणातल्या घरात फार कामाला येतं. सत्तरच्या दशकात नोकरीसाठी गेलेली, लालबाग-परळच्या खोलीत सहा-सहा जणांनी राहिलेली पिढी आता निवृत्त होऊन गावी आलीय. त्यांना ही बसची रांग ओळखीची आहे. एरवी कधी बोलत नाहीत ते आप्पा हा सिनेमा चालू असताना कुठल्या स्टॉपवर कुठली बस यायची ते सांगायला लागतात, आणि मग त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, ही माहिती नवीन असल्याचं लक्षात येतं.

पुन्हा बघताना या सिनेमात दुसरीही एक गोष्ट दिसते. पहिल्या वेळी आपण अमोल पालेकरांकडे बघत असतो. दुसऱ्या वेळी विद्या सिन्हांकडे बघा. तिला सगळं कळतंय. हा मागे येतो, हा थांबतो, हा आज बोलणार म्हणून आला आणि पुन्हा गिळून बसला, हे ती बघतेय आणि मैत्रिणीबरोबर त्यावर हसतेय. वाट बघणारी तीही आहे. हे लक्षात आलं की अख्खा सिनेमा तिच्या बाजूने पुन्हा उलगडतो. खटकतं तेही सांगतो: एखाद्या मुलीच्या मागे रोज ऑफिसपर्यंत जाणं आज गोड वाटत नाही, आणि कर्नलच्या काही युक्त्या तर सरळ लबाडीच्या आहेत. घरातल्या मुलींनी यावर बोट ठेवलं तर वाद घालू नका, त्यांचं बरोबर आहे. तरी सिनेमा तरतो, कारण पालेकरांचा अरुण युक्त्या शिकल्यावरही मनातून तोच भिडस्त राहतो.

याच्या शेजारी ठेवायचा तो सतीश राजवाडे यांचा 'मुंबई-पुणे-मुंबई' (2010). अरुण बोलतच नाही, इथली दोघं बोलायची थांबत नाहीत. मुंबईची मुलगी पुण्याला येते ती स्थळाला नकार द्यायचा हे ठरवूनच. रस्त्यात एक पुणेकर भेटतो आणि दिवसभर बरोबर राहतो. मुक्ता बर्वे आणि स्वप्नील जोशी, जवळजवळ पूर्ण वेळ दोघंच, आणि त्या पहिल्या सिनेमात पात्रांना नावंसुद्धा नाहीत. अडथळा पुन्हा आतलाच: तिचा आधीच घेतलेला निर्णय आणि त्याचा पुण्याविषयीचा ताठा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी शेवटचं गुपित इथे फोडत नाही, पण ते माहीत असलं की सिनेमा दुसऱ्यांदा जास्त रंगतो. त्याच्या प्रत्येक वाक्याचा दुसरा अर्थ दिसायला लागतो, आणि स्वप्नील जोशी कुठे हसू दाबतोय ते शोधायचा एक खेळच होतो.

दोन शहरांच्या या भांडणात कोकणातला माणूस तसा तिऱ्हाईत. दोन्हीकडे पोरं पाठवलेली असल्यामुळे दोघांवरही हसायचा हक्क आम्ही राखून ठेवलाय. गावी आलेला चाकरमानी मात्र पाच मिनिटांत मुंबईची बाजू घेतो.

पण या सिनेमाला शांतता लागते. संवादाला संवाद लागून आहे, मध्ये एक वाक्य निसटलं तर पुढचा टोमणा फुकट. ओटीवर वीस माणसं, कुणी मोदक वाटतंय, कुणी गाद्या घालतंय, अशा गर्दीत तो लावू नका. दोघंतिघं असाल, त्यातल्या एकाच्या लग्नाची बोलणी चाललेली असतील, तर याच्याइतका चांगला दुसरा नाही. बघण्याच्या कार्यक्रमात पोहे खाताना जे बोलता येत नाही ते सगळं इथे रस्त्यावर बोललं जातं. पुढचे दोन भाग 2015 आणि 2018 साली आले. दुसऱ्यात लग्नाची तयारी, तिसऱ्यात मूल. दोन्हीकडे नातेवाईक वाढतात आणि दोघांचं ते रस्त्यावरचं बोलणं कमी होतं. सलग बघायची गरज नाही.

वीस माणसांसाठी काय, हा खरा प्रश्न. तिथे 'अशी ही बनवाबनवी' (1988) ला पर्याय मला सापडलेला नाही. माझ्याच कसोटीवर हा नापास व्हायला हवा. अडथळा बाहेरचा आहे: पुण्यात खोली मिळत नाही, मालकीणबाई जोडप्यांनाच जागा देणार, म्हणून चौघांपैकी दोघं साड्या नेसतात. कथाही उसनी, हृषीकेश मुखर्जी यांच्या 'बीवी और मकान' (1966) वरून आलेली. प्रेम म्हणाल तर चार जोड्या असूनही पातळच. अश्विनी भावे सोडल्या तर नायिकांच्या वाट्याला फारसं काम नाही. मग टिकतो कशावर? एक तर खोलीची अडचण खोटी नाही. घर सोडून शहरात गेलेल्या प्रत्येकाने ती भोगलीय. दुसरं म्हणजे थाप. एक थाप झाकायला दुसरी, दुसरीला तिसरी, आणि अशोक सराफांचा धनंजय माने प्रत्येक थापेआधी क्षणभर थांबतो. तो क्षण बघायचा. वसंत सबनीसांचे संवाद ओटीवर पडद्याच्या आधी ऐकू येतात; "हा माझा बायको पार्वती" हे वाक्य आमच्याकडे आजवर अशोक सराफांना एकट्याने बोलू दिलेलं नाही.

दशावतार बघणाऱ्यांना इथे एक जास्तीची गंमत मिळते. दशावतारात पुरुष स्त्रीपात्र करतो तेव्हा तो पुरुष आहे हे अर्ध्या तासात विसरायला होतं, आणि नटाचं कौतुक त्यातच असतं. इथे सचिन यांची सुधा त्या वाटेने जाते, लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती बरोबर उलट्या वाटेने. पदराखालचा परशा एक क्षणही विसरू देत नाही. दोघं एकाच चौकटीत उभे राहिले की हसू आवरत नाही. आमच्या काकीलाही, जिला परत बघूचा कशाक असा प्रश्न पडतो.

'नवरा माझा नवसाचा' (2004) हा इथला हक्काचा वाटणारा उमेदवार, कारण एसटी मुंबईहून सुटते ती गणपतीपुळ्याला. नवऱ्याला नागव्याने देवळात न्यायचा जुना नवस फेडायचा आहे. प्रवासात भांडणारं जोडपं ही युक्ती फार जुनी: 'इट हॅपन्ड वन नाईट' (1934) वरून हिंदीत 'चोरी चोरी' (1956) आणि 'दिल है के मानता नहीं' (1991) आले. तिथे बसमध्ये अनोळखी माणसं प्रेमात पडतात. इथे लग्न झालेली माणसं पुन्हा एकमेकांना बघायला शिकतात, आणि ती सचिन-सुप्रिया या खऱ्या जोडप्याने केलीत हे प्रत्येक कुरबुरीत जाणवतं. अशोक सराफांचा कंडक्टर आहे तोवर चिंता नाही. पण बसमधल्या इतर प्रवाशांचे विनोद ताणलेले आहेत आणि माझं लक्ष मधल्या काळात उडतं. घाटाचा रस्ता आला की प्रत्येकजण "ह्या आपला नाय, ह्या खयचा तरी दुसराच" यावर भांडतो, तेवढी करमणूक वेगळी. 2024 च्या दुसऱ्या भागात एसटीऐवजी कोकण रेल्वे आहे. पहिला आवडला असेल तरच.

रेल्वेचीच प्रेमकथा हवी असेल तर इम्तियाज अली यांचा 'जब वी मेट' (2007) जास्त चांगला. रतलामला गाडी चुकते तो भाग कितीही वेळा बघावा. आधी ती त्याला सावरते, नंतर तो तिला. हा उलटा फेरा पुन्हा बघताना अधिक नीट जुळलेला दिसतो. नायिका गीत फार बोलते, आणि आजीला ती आवडते की डोकं उठवते यावर सगळं अवलंबून.

आता निवड. घर भरलेलं असेल तर 'बनवाबनवी', चर्चा न करता. लहान मुलं जास्त आणि कुणी पहिल्यांदाच एसटीने गावी आलेलं असेल तर 'नवसाचा'. विसर्जनानंतर पाहुणे पांगले, दोघंच उरलात, तर 'मुंबई-पुणे-मुंबई'. आणि घरात सत्तरीचं कुणी असेल, ज्याने मुंबईत उमेदीची वर्षं काढलीत, तर 'छोटी सी बात' त्यांच्या शेजारी बसून बघा. मला एकच निवडायचा असेल तर मी हाच घेईन, गर्दी असो वा नसो.

पावसात वीज जाणार हे धरून चाला. 'बनवाबनवी' दोन तासांनी परत आलेल्या विजेवर कुठूनही सुरू करता येतो, कारण मधलं सगळं कुणीतरी तोंडी करून दाखवलेलंच असतं. 'मुंबई-पुणे-मुंबई' तसा तुटला तर दुसऱ्या रात्री पहिल्यापासून लावावा लागतो. आणि सिनेमे आधीच उतरवून ठेवा. चतुर्थीच्या आठवड्यात गावात एवढे मोबाइल येतात की नेटच्या भरवशावर राहिलात तर बसची रांगही धड दिसणार नाही.