ट्रान्समीटर संगणकाला जोडून सिम्युलेटरवर सराव: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

रेडिओ कंट्रोल विमानांच्या सरावासाठी कोणता सिम्युलेटर (संगणकावर आभासी विमान उडवण्याचा प्रोग्राम) चांगला, यावर पुष्कळ लिहिले जाते. हातातला ट्रान्समीटर (विमानाचा रिमोट) संगणकाला नेमका कसा जोडायचा, हा भाग मात्र बहुधा एका ओळीत उरकला जातो. गेले काही महिने मी ट्रेनर पोर्टमधून निघणारी केबल, थेट यूएसबी आणि बिनतारी डोंगल अशा तिन्ही मार्गांनी सिम्युलेटर वापरत आलो आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की सरावाचा मैदानावर उपयोग होणार की बोटांना भलतीच सवय लागणार, हे सिम्युलेटरच्या नावापेक्षा या जोडणीवर, आणि त्याहूनही अधिक जोडणीपूर्वी ट्रान्समीटरमध्ये केलेल्या तयारीवर ठरते.

गेमपॅडवर सराव का करू नये, हे आधी सांगतो. गेमपॅडची स्टिक लहान असते, सोडली की मध्यावर परत येते आणि तिचा एकूण प्रवास अगदी थोडा असतो. ट्रान्समीटरची थ्रॉटल स्टिक (मोटरचा जोर ठरवणारी) ठेवाल तिथे थांबते, आणि विमान उतरवताना नेमके हेच लागते: थ्रॉटल पाव भागावर धरून एलिव्हेटरने (शेपटीवरच्या हलत्या पट्टीने) नाक सावरत राहणे. शिवाय स्टिकची उंची, स्प्रिंगचा ताण, ट्रिमची बटणे आणि स्विचांच्या जागा बोटांच्या ओळखीच्या असतात. ही ओळख जशीच्या तशी मैदानावर जाते, म्हणूनच स्वतःचा ट्रान्समीटर जोडण्याचा सगळा खटाटोप करावा.

सर्वांत जुनी पद्धत म्हणजे ट्रेनर पोर्ट, म्हणजे शिक्षक-विद्यार्थ्यांचे ट्रान्समीटर एकमेकांना जोडण्याचे सॉकेट. या पोर्टमधून पीपीएम नावाचा संकेत बाहेर पडतो. त्यात प्रत्येक चॅनेलची (एका स्टिकच्या किंवा स्विचच्या आज्ञेची) किंमत साधारण १००० ते २००० मायक्रोसेकंदांच्या अंतराने सांगितली जाते, स्टिक मध्यावर असताना ते अंतर सुमारे १५०० असते, आणि आठ चॅनेलांची एक फेरी बहुतेक ट्रान्समीटरांत २२.५ मिलिसेकंदांत पूर्ण होते. म्हणजे सेकंदाला ४४ च्या आसपास नवी माहिती येते, तर साधा पडदा सेकंदाला ६० चित्रे दाखवतो. प्रशिक्षण विमान किंवा ग्लायडर उडवताना हा फरक मला जाणवला नाही. अरुंद फाटकांतून ड्रोन काढताना आणि हेलिकॉप्टर एका जागी तरंगत ठेवताना मात्र हाताची दुरुस्ती किंचित उशिरा पोहोचते आहे, असे सतत वाटत राहिले. केबलच्या टोकाचा छोटा डोंगल पीपीएमचे रूपांतर यूएसबी जॉयस्टिकमध्ये करतो आणि त्याचे काम तो नीट करतो. काही डोंगलांवर निरनिराळ्या सिम्युलेटरांसाठी सरकता स्विच असतो, तो योग्य जागी ठेवून मगच डोंगल संगणकाला लावावा. पोर्टच्या आकाराचीही खात्री करून घ्यावी. कुठे ३.५ मिलिमीटरची पिन असते, कुठे चार टोकांचे गोल सॉकेट, तर फुटाबाच्या बऱ्याच ट्रान्समीटरांवर त्या कंपनीचे स्वतःचे चौकोनी सॉकेट. ज्यांच्याकडे जुना, पण उत्तम स्थितीतला ट्रान्समीटर आहे, त्यांनी केवळ सिम्युलेटरसाठी नवा घेण्याची गरज नाही, ही केबल पुरते.

थेट यूएसबीची पद्धत मी आता कायमची स्वीकारली आहे. एजटीएक्स किंवा ओपनटीएक्स ही प्रणाली (फर्मवेअर) चालणारा ट्रान्समीटर चालू करून यूएसबीने जोडला की तो जॉयस्टिक, एसडी कार्ड की सीरियल असा पर्याय विचारतो. जॉयस्टिक निवडली की विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींना तो वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखू येतो. नेहमीच्या मांडणीत पहिले आठ चॅनेल अक्ष म्हणून जातात आणि त्यापुढचे बटणे म्हणून, त्यामुळे फ्लॅप, चाके किंवा थ्रॉटल होल्ड (मोटर थांबवणे) यांचे स्विच आपापल्या जागीच राहतात. संकेत डोंगलच्या मानाने कितीतरी ताजा असतो आणि स्टिक हळूहळू सरकवली तर पडद्यावरचे विमानही तितक्याच बारीक पायऱ्यांनी हलते. केबल मात्र तपासून घ्यावी. केवळ चार्जिंगसाठी बनवलेल्या केबलमध्ये माहितीच्या दोन तारा नसतात, त्यामुळे ट्रान्समीटर चार्ज होत राहतो आणि संगणकाला तो दिसतच नाही. काही ट्रान्समीटरांवर चार्जिंगचे सॉकेट वेगळे आणि माहितीचे वेगळे असते, तेही पाहावे.

बिनतारी डोंगल सोयीचा आहे, यात शंका नाही. स्पेक्ट्रम कंपनीचा डब्ल्यूएस२००० हा डोंगल एखाद्या रिसीव्हरसारखा (विमानातल्या संकेत घेणाऱ्या भागासारखा) बाइंड होतो, म्हणजे ट्रान्समीटरशी जोडला जातो, आणि मग टेबलावर केबलचा गुंता राहत नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. या पद्धतीत ट्रान्समीटरचे प्रक्षेपण चालू ठेवावे लागते. एक्स्प्रेसएलआरएससारख्या बिनतारी प्रणालीत एकच बाइंडिंग फ्रेज (जोडणीचा सांकेतिक शब्द) असलेला कोणताही रिसीव्हर त्या ट्रान्समीटरला उत्तर देतो, तेव्हा खोलीत बॅटरी जोडलेले मॉडेल असेल आणि मॉडेल मॅच (ठरावीक मेमरीशीच ठरावीक रिसीव्हर जोडण्याची सोय) वापरलेले नसेल, तर सिम्युलेटरमधला थ्रॉटल खऱ्या पंख्यापर्यंत पोहोचू शकतो. बिनतारी सराव करताना सर्व मॉडेलांच्या बॅटऱ्या काढलेल्या असाव्यात, हा नियम मी काटेकोरपणे पाळतो. यूएसबीने जोडताना हा प्रश्नच उरत नाही, कारण प्रक्षेपण पूर्ण बंद ठेवता येते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ट्रान्समीटर कोणत्याही मार्गाने जोडा, सिम्युलेटरसाठी त्यात स्वतंत्र मॉडेल मेमरी (एका विमानाच्या साठवलेल्या सेटिंग्ज) हवीच. खऱ्या विमानाच्या मेमरीत सब-ट्रिम (मध्याची दुरुस्ती), उलटवलेले चॅनेल, वाढवलेले एंडपॉइंट (हालचालीची टोके) आणि मिक्स (एका स्टिकने अनेक भाग हलवणे) असतात. ते त्या विशिष्ट विमानाच्या सर्व्होंसाठी (भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींसाठी) असतात, सिम्युलेटरमधल्या विमानाला त्यांचा काही संबंध नसतो. म्हणून नवी मेमरी उघडून आतले आणि बाहेरचे दोन्ही प्रक्षेपण मॉड्यूल बंद करावेत, कोणताही मिक्स ठेवू नये, ट्रिम मध्यावर आणावेत आणि एंडपॉइंट १०० टक्क्यांवर ठेवावेत. शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण तिचा परिणाम मोठा आहे. जॉयस्टिकच्या अक्षाला १०० टक्के हीच कमाल असते, त्यामुळे एंडपॉइंट १२५ वर असेल तर स्टिक मध्यापासून ८० टक्के गेल्यावरच अक्ष टोकाला पोहोचतो आणि उरलेल्या प्रवासात काहीच घडत नाही. अशा स्टिकवर शिकलेला हात मैदानावर सर्वत्र जरा कमीच वळवतो.

एक्स्पोच्या (मध्याजवळ स्टिकचा परिणाम सौम्य करणाऱ्या वक्राच्या) बाबतीत सरसकट सल्ला देणे मला पटत नाही. पंखवाल्या विमानाचा एक्स्पो प्रत्यक्षात ट्रान्समीटरमध्येच असतो. म्हणून मी तो सिम्युलेटरच्या मेमरीत तसाच उतरवला आहे आणि सिम्युलेटरमधला एक्स्पो शून्य केला आहे. ड्रोनचे गणित उलट आहे: तिथे रेट्स (स्टिकला ड्रोन किती वेगाने वळेल हे ठरवणारे आकडे) ड्रोनवरच्या फ्लाइट कंट्रोलरमध्ये असतात, म्हणून ट्रान्समीटर अगदी सरळ रेषेत ठेवून तेच आकडे व्हेलोसिड्रोन किंवा लिफ्टऑफसारख्या सिम्युलेटरमध्ये भरावेत. दोन्हीकडे एक्स्पो राहिला तर स्टिकचा मधला भाग मेल्यासारखा होतो आणि टोकाला अचानक झेप येते. हेलिकॉप्टरवाल्यांनी स्वॉशप्लेटचे (पात्यांचा कोन बदलणाऱ्या तबकडीचे) मिक्सिंग ट्रान्समीटरमधून काढून एका सर्व्होचा साधा प्रकार निवडावा, कारण ते मिक्सिंग सिम्युलेटर स्वतः करतो.

कॅलिब्रेशनचा क्रम मी असा ठेवला आहे की आधी ट्रान्समीटरच्या मेनूतले स्टिकचे कॅलिब्रेशन, मग चॅनेल मॉनिटरवर (चॅनेलांच्या किमती दाखवणाऱ्या ट्रान्समीटरच्या पानावर) दोन्ही टोके आणि मध्य यांची तपासणी, आणि त्यानंतरच सिम्युलेटरमधले कॅलिब्रेशन. विंडोजमध्ये गेम कंट्रोलरच्या खिडकीत आणखी एक कॅलिब्रेशन करता येते. तिथे एकदा काही साठवले गेले की पुढची सगळी मापे त्यावर चढतात. म्हणून ते मूळ स्थितीतच राहू द्यावे आणि ती खिडकी फक्त अक्ष हलतात का हे पाहण्यासाठी वापरावी. लिनक्सवर हेच काम जेएसटेस्ट हा प्रोग्राम करतो. डेडझोन (मध्याजवळचा दुर्लक्षिला जाणारा भाग) शून्य करावा, कारण ती सोय सैल गेमपॅडसाठी असते आणि चांगल्या स्टिकवर ती मध्याजवळची सूक्ष्म हालचाल गिळून टाकते. स्टीम या खेळांच्या दुकानावरून घेतलेल्या सिम्युलेटरमध्ये स्टीम इनपुट ही सोय त्या खेळापुरती बंद करावे. ते ट्रान्समीटरला गेमपॅड समजून अक्षांची अदलाबदल करू शकते आणि मग दोष केबलचा की ट्रान्समीटरचा, हे शोधण्यात वेळ जातो. चॅनेलांचा क्रमही पाहावा: कुणाकडे एलेरॉन (विमान डावी-उजवीकडे कलवणारा) पहिला असतो, कुणाकडे थ्रॉटल. सिम्युलेटर एकेक स्टिक हलवायला सांगत असेल तर घाई न करता सांगितलेली एकच स्टिक पूर्ण टोकापर्यंत न्यावी.

इतके सगळे केल्यावर मैदानावर काय उतरले, हे सांगतो. सर्वांत मोठा फायदा विमान समोरून आपल्याकडे येत असताना झाला. त्या वेळी एलेरॉन उलटे वाटतात आणि नवख्याचा हात गोंधळतो. जो पंख खाली गेला असेल त्या बाजूला स्टिक न्यायची, हा नियम वाचून कळतो, पण तो विचार न करता हातून घडायला पुनरावृत्तीच लागते, आणि ती सिम्युलेटरने भरपूर दिली. उतरण्याच्या फेरीतला थ्रॉटलचा अंदाज आणि स्टॉल होण्याआधीचा (वेग घटून विमान कोसळण्याआधीचा) सुस्तपणा ओळखणे, हेही बरेचसे टिकले. अंतराचा अंदाज मात्र अजिबात उतरला नाही. पडद्याला खोली नसते, आणि आपोआप होणारे झूम चालू असेल तर दूर गेलेले विमानही मोठेच दिसते, म्हणून मी ते बंद ठेवतो. धावपट्टीच्या कडेला उभे राहिल्याचे स्थिर दृश्य निवडतो आणि वारा थोडा तरी चालू ठेवतो. निवांत हवेत उतरवण्याची सवय लागली की पहिल्याच आडव्या झुळुकेला रडरची (शेपटीच्या उभ्या सुकाणूची) आठवण उशिरा होते.

झिजेबद्दल अनेकांना काळजी असते, आणि ती रास्त आहे. हॉल सेन्सरच्या (चुंबकाने जागा मोजणाऱ्या) स्टिकमध्ये मोजणारा भाग कशालाही घासत नाही, त्यामुळे इतक्या वापरानंतरही चॅनेल मॉनिटरवर मध्य स्थिर आहे. पोटेन्शिओमीटरच्या (घासून मोजणाऱ्या) स्टिकमध्ये झीज होते आणि ती आधी मध्याजवळच्या थरथरीतून दिसते, म्हणून जुन्या ट्रान्समीटरवर अधूनमधून मॉनिटर पाहत जावे. मला अधिक जपावेसे वाटते ते यूएसबीचे सॉकेट. रोजच्या काढघालीत ताण त्याच्यावर येतो. त्यासाठी मी काटकोनी टोकाची केबल घेतली असून ती ट्रान्समीटरच्या हँडलला सैलसर बांधून ठेवतो, म्हणजे ओढ सॉकेटवर न येता हँडलवर येते. फर्मवेअर अद्ययावत केल्यावर सिम्युलेटरमधले कॅलिब्रेशन पुन्हा एकदा तपासावे, कारण अक्षांची मांडणी बदलली असेल तर संगणक तोच ट्रान्समीटर नवे उपकरण म्हणून धरतो.

सध्या माझी मांडणी अशी आहे: यूएसबी केबल, प्रक्षेपण बंद असलेल्या दोन मेमरी, एक विमानासाठी आणि एक ड्रोनसाठी, आणि डेडझोन शून्य. जुना पीपीएम डोंगल मी दुसऱ्या ट्रान्समीटरसाठी राखून ठेवला आहे, म्हणजे शिकायला येणाऱ्याला स्वतःचे उपकरण नसले तरी त्याच संगणकावर लगेच सुरुवात करता येते.