गणपती पेठेतलं टीव्ही गेम रिपेअरीचं दुकान: जुनं बिनधास्त द्या, नवं नको

माळ्यावर जुना टीव्ही गेम पडला असेल तर भंगारात घालायच्या आधी सांगलीत गणपती पेठेत एक चक्कर मारा. मागच्या बोळात मिक्सर-रेडिओ रिपेअरवाले बसतात, त्यातच एक चिंचोळं दुकान आहे, पाटीवरची अक्षरं पार उडालीत, 'गेमवाले अण्णा' म्हणून विचारा, कुणीही दाखवंल.

आमचा सेट म्हणजे नव्वदच्या दशकातला तो पांढरा-लाल डबा, वर कंपनीचं नाव बघितलं तर कधी न ऐकलेलं. असले सगळे डबे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या गेम मशीनची नक्कल. खरा फॅमिकॉम जपानात जुलै 1983 ला आला, पण आपल्याकडं पोरांनी मारिओ आणि काँट्रा खेळला तो बहुतेक नकलांवरच. अण्णांनी चार स्क्रू काढून आतलं दाखवलं तर बोर्डावर डांबराचा थेंब सांडल्यागत एक काळा गोळा, आणि अख्ख्या फॅमिकॉमचा प्रोसेसर, चित्र काढणारी चिप, सगळं त्या गोळ्याखाली. तो गेला तर सेट गेला, पण तो सहसा जात नाही म्हणे. जातं काय, तर 7805 रेग्युलेटर (वीज पाच व्होल्टवर आणणारा भाग), ॲडॉप्टरची पिन घुसते तिथलं सोल्डर, नाहीतर कॅसेटचा स्लॉट. आमचा स्लॉटच ढिला झालेला, तो त्यांनी समोर बसवूनच बदलला. चहासुद्धा पाजला.

कॅसेट लागेना म्हणून मी सवयीनं फुंकर मारायला गेलो तर अण्णा खेकसले, "ओ फुंकू नका, थुंकी जाती आत, पट्ट्या गंजतात." मग फुंकल्यावर लहानपणी चालू कशी व्हायची विचारलं तर म्हणाले काढून परत घातली की पिना नीट बसायच्या, फुंकरीचा काय संबंध नाही. त्यांनी साधं खोडरबर घेतलं, तांब्याच्या पट्ट्या हलक्या हातानं घासल्या, आयपीएचा (साफसफाईच्या अल्कोहोलचा) कापूस फिरवला, झालं. लगेच मारिओ पळाला.

खरी मजा बंदुकीची, सेटला जोडून पडद्यावरची बदकं मारायची ती. घरी एलईडीवर बदकं काय केल्या मरत नव्हती, मला वाटलं बंदूक गेली, आणि दुसऱ्या एका दुकानात तर नवी बंदूक गळ्यात मारत होते. अण्णांनी कोपऱ्यातला जुना पिक्चर ट्यूबवाला डबा टीव्ही लावला आणि पहिल्याच गोळीला बदक खाली. कारण असं की ट्रिगर दाबलं की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि बंदुकीच्या नळीतला सेन्सर तेवढ्यात तिथं उजेड दिसतो का बघतो. हा सगळा हिशोब जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बांधलाय, एलईडी टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर करतो, तेवढ्यात वेळ निघून गेलेली असते. म्हणजे बंदूक चांगली, टीव्ही नवा. आता घरात डबा टीव्ही परत आणतो म्हटल्यावर बायको काय म्हणाली ते इथं लिहित नाही.

तिथं बसल्यावर गप्पा लय होतात. एका पोरानं विचारलं घरी खेळायचा पहिला टीव्ही गेम कुठला, तर अण्णांनी थेट 1972 च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या मशीनचा विषय काढला, त्यात प्रोसेसरच नव्हता, पडद्यावर नुसते पांढरे ठिपके, आणि मैदान दिसावं म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत प्लास्टिकचा कागद लावायचा. पोरगं हसायलाच लागलं.

2019 च्या पुरात भिजलेले काही सेट अजून फळीवर आहेत, लोक ठेवून गेले ते न्यायलाच आले नाहीत. त्यातले दोन-तीन पीएस टू (सोनीचे प्लेस्टेशन 2) साफ करून चालू केलेत. पीएस टू 2000 चा, जगात 15 कोटींच्या वर खपला, त्यामुळे त्याची डिस्क वाचणारी लेन्स अजून मिळते आणि अण्णा अर्ध्या तासात बदलून देतात.

नव्या मशीनला मात्र ते हातच लावत नाहीत. पीएस फाइव्हची डिस्क ड्राइव्ह बोर्डाशी जोडून दिलेली असते, दुसरी बसवली तर बोर्ड ओळखच दाखवत नाही, 2023 च्या पीएस फाइव्ह स्लिमची ड्राइव्ह सुटी निघते खरी पण जोडताना एकदा इंटरनेटवरनं ओळख पटवावी लागतेच. मला तरी हे पटत नाही, एवढे पैसे मोजायचे आणि ड्राइव्ह बदलायची तर कंपनीला विचारायचं. नव्यातलं एकच काम ते घेतात, रिमोटवरची अंगठ्यानं फिरवायची काडी. काडीखालची कार्बनची पट्टी झिजली की गेममधला गडी आपोआप एका बाजूला पळायला लागतो, अण्णा तिथं चुंबकवाली काडी बसवतात जी घासतच नाही. आणि गंमत म्हणजे ही चुंबकाची आयडिया सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट मशीनमध्ये 1998 लाच होती, मधल्या काळात बहुतेकांनी स्वस्तातली पट्टी घातली आणि आता काही जण परत चुंबकाकडं आलेत.

नावं ठेवायची तर दोन गोष्टी. सेकंडहँड पीएस फोरचे भाव अव्वाच्या सव्वा सांगतात, घासाघीस केल्याशिवाय घेऊ नका. आणि 'दहा हजार गेम' लिहिलेली टीव्हीला लावायची स्टिक विकतात ती अजिबात घेऊ नका, तेच गेम नाव बदलून पुन्हा पुन्हा येतात आणि बटण दाबल्यावर उडी उशिरा पडते. रिपेअरीला मात्र डोळे झाकून द्या. गाडी बोळात नेऊ नका, फिरवायला जागा नाही, आणि सेटबरोबर स्वतःचा ॲडॉप्टर न्या, त्यांच्याकडचा एकच चालू आहे आणि तो कायम दुसऱ्याच्या सेटला लावलेला असतो.