आयल्ट्स स्पीकिंगसाठी आयडियम्सचा ऑनलाइन कोर्स: निम्मा कामाचा, निम्मा नुसता पसारा

आयल्ट्स या इंग्रजीच्या परीक्षेतल्या स्पीकिंगसाठी फ्रेझेस आणि आयडियम्स (वाक्प्रचार) शिकवणारा एक ऑनलाइन कोर्स नुकताच संपवला, त्याचा हा रिव्ह्यू. नाव मुद्दाम घेत नाहीये, कारण याच साच्यातले कोर्स ढिगाने आहेत आणि मी जे लिहितेय ते त्यातल्या बऱ्याच जणांना जसंच्या तसं लागू पडेल. घाई असेल त्यांनी एवढंच वाचा: फ्रेझल व्हर्ब्ज (‘रन आउट’सारखी जोडक्रियापदं) आणि कोलोकेशन्सचा (नेहमी एकत्र येणाऱ्या शब्दजोड्यांचा) भाग एकदम भारी, आयडियम्सच्या याद्या बऱ्याचशा सोडून द्या, आणि मॉडेल आन्सर्स उघडूच नका.

आता सविस्तर. कोर्समध्ये विषयवार फ्लॅशकार्ड्स आहेत (प्रवास, काम, तब्येत, पैसा वगैरे), छोटे व्हिडिओ आहेत, क्विझ आहे, क्यू कार्डची (ज्यावर बोलायचा विषय दिलेला असतो त्या कार्डाची) तयार उत्तरं आहेत आणि आपला आवाज रेकॉर्ड करून मूळ ऑडिओशी ताडून बघायची सोय आहे. जाहिरातीत दावा असा की अमुक आयडियम्स पाठ केले की बँड (म्हणजे गुणांची पातळी) सात पक्का. इथेच पहिली गडबड.

कारण मार्क कसे देतात ते बघा ना. स्पीकिंग टेस्ट 11 ते 14 मिनिटांची, तीन भागांची, समोर परीक्षक बसलेला आणि सगळं रेकॉर्ड होत असतं. मार्क चार गोष्टींना: ओघ आणि सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण, उच्चार. चारही सारख्याच वजनाच्या. म्हणजे आयडियम्सचा थेट संबंध फक्त शब्दसंपदेच्या पाव हिश्शाशी, आणि त्या पाव हिश्शातही तो एक तुकडाच. बँड सातच्या वर्णनात कमी वापरातले आणि इडियमॅटिक शब्दप्रयोग थोडेफार यावेत असं म्हटलंय खरं, पण त्यात फ्रेझल व्हर्ब्ज आणि नैसर्गिक जोड्याही येतात, ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ म्हटलंच पाहिजे असं कुठेही नाही. शिवाय काही निवडी चुकल्या तरी सात मिळू शकतात हेही त्याच वर्णनात आहे. बँडची ही वर्णनं कुणालाही फुकट वाचता येतात, कोर्सवाल्यांनी मात्र पूर्ण व्हिडिओमालिकेत ती एकदाही दाखवली नाहीत. का नाही ते तुम्हीच समजून घ्या.

मॉडेल आन्सर्सची तऱ्हा तर विचारूच नका. ‘तुम्हाला आवडणाऱ्या व्यक्तीबद्दल सांगा’ या कार्डाचं उत्तर असं काहीसं होतं: माय ग्रँडफादर इज द ॲपल ऑफ माय आय, ही इज ॲज कूल ॲज अ क्युकंबर, वी सी ईच अदर वन्स इन अ ब्लू मून, बट व्हेन वी मीट आय ॲम ओव्हर द मून. एका दमात चार! आणि आजोबा कोण, काय करतात, का आवडतात, याचा पत्ताच नाही. वर ‘ॲपल ऑफ माय आय’ (म्हणजे अगदी लाडका) हे आजोबांनी नातवंडाबद्दल म्हणावं, नातीने आजोबांबद्दल म्हटलं की कानाला खटकतं. परीक्षक दिवसभर अशीच उत्तरं ऐकत असतो, त्याला पोपटपंची कळत नाही असं समजणं म्हणजे जरा जास्तच झालं. पाठ केलेलं बोलताना माणूस त्या ओळीपुरता सुसाट सुटतो आणि ओळ संपली की अडखळतो, ते तर कुणाच्याही लक्षात येईल. मग पाठांतराचे मार्क तर मिळत नाहीतच, वर ओघाचे मार्कही जातात.

फ्लॅशकार्ड्समध्ये दुसरा घोळ हा की कुठला प्रयोग कुठे शोभतो हे लिहिलेलंच नाही. ‘किक द बकेट’ समोर अर्थ ‘मरणे’, संपला विषय. आता हे कार्ड पाठ करून कुणी उद्या घरातल्या माणसाच्या निधनाबद्दल गंभीरपणे बोलताना तेच वापरलं तर? तो गमतीत वापरायचा प्रयोग आहे, तिथे साधं ‘पास्ड अवे’ म्हणायचं असतं. एक वाक्याची टीप दिली असती तरी चाललं असतं. आणि ‘पास’ची गोष्ट निघालीच आहे तर, ‘आय पास्ड आउट लास्ट इयर’ हे आपण कॉलेज संपलं या अर्थाने सर्रास म्हणतो, पण ब्रिटिश कानाला ते चक्कर येऊन पडल्यासारखं ऐकू येतं. ‘ग्रॅज्युएटेड’ म्हणा, विषय मिटला. हे कोर्समध्ये होतं, याचा एक मार्क त्यांना.

आता कौतुक. फ्रेझल व्हर्ब्जचा भाग ज्याने कुणी बनवलाय त्याला खरंच शिकवता येतं. नुसती यादी नाही, एकेका क्रियापदाबरोबर ते कुठल्या शब्दांसोबत फिरतं ते दिलंय. ‘कट डाउन ऑन शुगर’, ‘रन आउट ऑफ टाइम’, ‘पुट ऑफ अ मीटिंग’, ‘गेट ऑन विथ माय कलीग्ज’. अगदी रोजच्या बोलण्यातले, कुठल्याही प्रश्नात सहज बसणारे. ‘लुक फॉरवर्ड टू’ नंतर ‘मीट’ नाही ‘मीटिंग’ येतं हे तर त्यांनी प्रश्न बदलून बदलून इतक्या वेळा घासून घेतलं की आता झोपेतही चुकणार नाही. कोलोकेशन्सचंही तसंच, पाऊस ‘हेवी’ असतो आणि वारा ‘स्ट्राँग’ असतो, उलट केलं तर अर्थ कळतो पण ऐकायला विचित्र वाटतं. हे दिसायला किरकोळ आहे, वापरलं की कुणी वाहवा करणार नाही, पण परीक्षेत टिकतं तेच.

रेकॉर्डिंगची सोयही फार आवडली. आपण आयडियम म्हणताना एकेक शब्द सुटा सुटा, ठासून म्हणतो, ‘ॲन – आर्म – अँड – अ – लेग’. मूळ ऑडिओत ते सगळं चिकटून येतं, ‘अनार्मनलेग’ असं काहीतरी, जोर फक्त ‘आर्म’ आणि ‘लेग’वर. स्वतःचा आवाज लागोपाठ ऐकला की फरक लगेच कळतो आणि मग जीभ हळूहळू वळते. इथे शब्दसंपदेबरोबर उच्चाराचंही काम होतं, म्हणून मी म्हणेन वेळ घालवायचा तर इथे घालवा.

एक सल्ला मात्र चुकीचा वाटला. दुसऱ्या भागात कार्ड मिळाल्यावर तयारीला एक मिनिट असतं आणि मग एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. कोर्सवाले म्हणतात त्या मिनिटात कागदावर आयडियम्स लिहून ठेवा. अहो, मग बोलायचं काय? मुद्दे लिहा, कोण, कुठे, कधी, काय झालं, कसं वाटलं. गोष्ट हाताशी असली की फ्रेझ आपोआप येते, फ्रेझ हाताशी धरून गोष्ट ओढूनताणून आणली की ती ठिगळासारखी दिसते. तिसऱ्या भागात प्रश्न जरा वैचारिक असतात, तिथे ‘ऑफ द टॉप ऑफ माय हेड’ किंवा ‘इट डिपेंड्स ऑन’ सारखे प्रयोग विचार करायला एक-दोन सेकंद देतात, ते जरूर ठेवा. आणि हो, यातलं बरंचसं सामान रायटिंगच्या निबंधात नेऊ नका, तिथे भाषा औपचारिक लागते. कोर्समध्ये ‘चारही मॉड्युल्ससाठी उपयोगी’ (म्हणजे ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं) असं लिहिलंय, ते वाचून गोंधळू नका.

कुणी घ्यावा? ज्यांचं बोलणं बऱ्यापैकी चालतं पण तेच तेच ‘व्हेरी गुड’, ‘व्हेरी नाइस’ येत राहतं त्यांनी. वाक्यच जुळत नसेल, काळ चुकत असतील, तर आधी तिकडे बघा, हा नंतर. घेतलाच तर फ्रेझल व्हर्ब्जपासून सुरू करा, रोज दोन-तीनच घ्या आणि दिवसभरात स्वतःच्या खऱ्या गोष्टीबद्दल वापरून बघा, कार्डावरचं उदाहरण नको.

माझ्याकडून पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक निव्वळ रेकॉर्डिंगसाठी. चौथा दिला असता पण क्विझचं एक नोटिफिकेशन रात्री उशिरा ‘डोंट मिस द बोट!’ म्हणून वाजतं आणि ते बंद करायचं बटण प्रोफाइलमध्ये अगदी तळाला, भाषेच्या सेटिंगखाली लपवून ठेवलंय.