दर्शनी अंगणातील अमूर्त शिल्प: काच की धातू?

अमूर्त शिल्पात ओळखीची आकृती नसल्यामुळे सारी भिस्त पृष्ठभाग, प्रकाश आणि तोल यांवर असते. त्यामुळे सांगलीत एखाद्या संस्थेच्या वा घराच्या दर्शनी भागासाठी शिल्प घडवून घेताना साहित्याची निवड आधी करावी, आकार मागाहून ठरवावा.

उघड्यावरच्या कामासाठी माझे मत धातूकडे झुकते. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचे आर्गॉन वेल्डिंग (आर्गॉन वायूच्या आवरणात केलेले जोडकाम) आणि बफिंग (घासून चकाकी आणणे) करणारे कारागीर कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत शोधता येतात, शिवाय पोचा आला तरी दुरुस्ती जागेवर होऊ शकते. शिल्पकार अनीश कपूर यांच्या शिकागोतील ‘क्लाउड गेट’ या आरशासारख्या चकचकीत स्टीलच्या शिल्पामध्ये १६८ पत्र्यांचे सांधे घासून पूर्ण नाहीसे केले आहेत, मात्र तसा आरसा रस्त्याकडेच्या धुळीत टिकवणे हे रोजचे काम होऊन बसते, म्हणून रेषा उमटवलेला मंद पृष्ठभाग बरा. कॉर्टेन पोलादाचा (वरचा गंजच ज्याचे आतून रक्षण करतो असे पोलाद) तांबूस गंज मोहक दिसतो, पण तो थर घट्ट बसण्यासाठी पोलाद आळीपाळीने भिजावे आणि सुकावे लागते. सांगलीच्या बेताच्या पावसात हे जमते. महाबळेश्वरच्या बाजूला, जिथे पावसाळाभर ओल हटत नाही, तिथे हा प्रयोग टाळावा. चौथऱ्यावर उतरणारे गंजाचे ओघळ दोन्हीकडे गृहीत धरावेत.

काचेचे सामर्थ्य वेगळे आहे. लिबेन्स्की आणि ब्रिख्तोवा या चेक दांपत्याने ओतीव काचेत प्रकाशालाच घनरूप दिले, परंतु असा जाड ठोकळा तडकू नये म्हणून भट्टीत अत्यंत संथपणे, कित्येकदा आठवडेच्या आठवडे, थंड करावा लागतो. (सातारा जिल्ह्यातल्या ओगलेवाडीने कंदिलाच्या काचा घरोघरी पोचवल्या, पण ते काम निराळे.) व्यवहारात टफन केलेली (तापवून झटकन थंड करून मजबूत केलेली) लॅमिनेटेड (मध्ये चिकट पडदा घालून थर जोडलेली) काचच वापरावी. ती धातूपेक्षा हलकी पडते, हा समजही तपासून घ्यावा: १० मिलिमीटर काचेचे वजन चौरस मीटरला २५ किलो, तर ३ मिलिमीटर स्टीलच्या पत्र्याचे सुमारे २४ किलो भरते.

दोन्ही एकत्र हवे असतील, तर कस सांध्यात लागतो. तापमान ३० अंशांनी वाढले की ३ मीटर लांबीचे स्टील सुमारे दीड मिलिमीटर वाढते, काच त्याच्या जेमतेम निम्मी. म्हणून काच स्टीलमध्ये घट्ट आवळू नये. मध्ये रबरी गॅस्केट (पट्टी) आणि सुटी जागा ठेवावी. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काचेवर लगेच दिसतात, तेव्हा जवळपास कारंजे नको. कृष्णाकाठच्या भागात चौथऱ्याची उंची २०१९ च्या पुराची खूण पाहून ठरवावी.

केवळ काचेचे शिल्प छताखालीच शोभेल. अंगणात स्टीलचा सांगाडा आणि त्यात मोजक्या काचा, हा पर्याय मला अधिक पटतो. टफन केल्यानंतर काच कापता वा भोके पाडता येत नसल्यामुळे, काम सोपवतानाच प्रत्येक मापाची एकेक काच जादा करून घ्यावी.