दुरुस्तीचं माप गेटच्या वहीत सापडलं

डोंबिवली पूर्वेतली आमची सोसायटी. तळ अधिक चार मजले, वय तिशीच्या पुढे. उपविधींप्रमाणे इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी आणि तिशीनंतर दर ३ वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) करावं लागतं, त्यामुळे ऑडिट टाळण्याचा प्रश्नच नव्हता. घोळ झाला तो ऑडिट करणारा कुणी आणला तिथे. त्या कन्सल्टंटला आणलं दुरुस्तीच्या ठेकेदाराने. ऑडिटची फी अगदी नावापुरती, पण पुढे दुरुस्तीवर देखरेख करण्यासाठी ठेकेदाराच्या बिलाच्या ५ टक्के. बिल फुगलं की बिल तपासणाऱ्याचीही फी फुगणार, असा हा करार.

विशेष सभेत यावर कुणी बोललं नाही, कारण कन्सल्टंटने सुरुवातच घाटकोपरच्या साईदर्शनपासून केली. जुलै २०१७ मध्ये ती इमारत कोसळली, १७ माणसं गेली. तिथे ठपका आला होता तळमजल्यावरच्या फेरफारांवर. आमच्याकडे दुखणं होतं गंजलेल्या सळयांचं. पण फोटो पाहिल्यावर एवढा विचार कोण करतो? मग तो म्हणाला, "सध्या तुम्ही सी-२बी मध्ये आहात, घरात राहून दुरुस्ती होईल. उद्या सी-१ लागलं तर पालिका घरं रिकामी करायला लावेल." पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तिथेच डोळ्याला पदर लावला. ठराव एकमताने मंजूर.

अहवाल जाडजूड, रंगीत, स्पायरल बांधणीचा. त्यात काँक्रीटची ताकद अजमावणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे खांबागणिक दिलेले. हा हातोडा उघड्या काँक्रीटवर मारायचा असतो. त्यासाठी आधी तळहाताएवढा गिलावा काढावा लागतो. गिलाव्यावर मारून गिलाव्याचाच अंदाज मिळतो. आमच्या एकाही खांबावर छिन्नी लागल्याची खूण नव्हती. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमधल्या स्वयंपाकघराच्या खांबाचंही रीडिंग होतं. तो फ्लॅट बंद असतो, मालक नाशिकला, किल्ली आमच्याकडे. ती किल्ली त्या काळात खिळ्यावरून हलली नव्हती. ऑडिट प्रामाणिक आहे का हे ओळखायला इंजिनिअर असावं लागत नाही: खांबांवर उघडी चौकटं दिसली पाहिजेत आणि तपासणीला आलेल्यांनी दारं वाजवली पाहिजेत.

काम सुरू झालं, परांची बांधली गेली, धूळ उडाली, टप्प्याटप्प्याची रनिंग बिलं येत गेली. शेवटी रंग लागला तेव्हा इमारत खरंच देखणी दिसत होती.

पुढच्याच पावसात पार्किंगमधल्या दोन खांबांना उभ्या चिरा पडल्या. तेव्हा आम्ही बाहेरच्या, कुणाच्याही ओळखीच्या नसलेल्या इंजिनिअर बाईंना बोलावलं. त्यांनी हातोडीच्या मागच्या टोकाने खांब वाजवायला सुरुवात केली. टण्‌ टण्‌ टण्‌ आणि मध्येच बद्द. जिथे बद्द वाजलं तिथे छिन्नी लावली तर दोन घावांत खपली निघून हातात आली. आत सळई. तिच्या समोरच्या अंगाला करडा प्रायमर, बोट मागे घातलं तर गंजाचे पापुद्रे. खरं तर सळईच्या मागेही बोट फिरेल इतकं काँक्रीट काढून, चारही बाजूंनी गंज खरवडून मगच कोटिंग करायचं असतं. बाईंनी उघड्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन फवारलं. धड काँक्रीट त्याने गुलाबी होतं. आमचं सळईपर्यंत कोरडं राखाडीच राहिलं. म्हणजे मेलेलं काँक्रीट न काढता वर लेप दिला होता. लेपाची जाडी टेपने मोजली: १५ मिलिमीटर. बिलात याच लेपाची, म्हणजे पॉलिमर मॉर्टरची, जाडी ४० मिलिमीटर, क्षेत्रफळ २,२०० चौरस फूट.

मग बाईंनी विचारलं, "गेटवर माल आल्याची नोंद ठेवता का?" आमचा वॉचमन कामाला चोख. कुठल्या टेम्पोतून काय उतरलं, सगळं वहीत.

हिशेब असा. या मॉर्टरचं नेहमीचं प्रमाण १:५:१५, म्हणजे एक भाग पॉलिमर, पाच भाग सिमेंट, पंधरा भाग क्वार्ट्झ वाळू, सगळं वजनाने. ५० किलोच्या सिमेंटच्या गोणीला १० किलो पॉलिमर. एवढ्या मालात ४० मिलिमीटर जाडीचं काम जेमतेम २५-२७ चौरस फूट होतं. २,२०० चौरस फुटांना धरा ८५ गोण्या आणि ८५० किलो पॉलिमर. वहीत २० किलोचे १२ डबे, म्हणजे २४० किलो. क्वार्ट्झ वाळूची नोंद अगदी किरकोळ. साधी वाळू मात्र ढीगभर.

आमची कमिटी महिनाभर दरावरून घासाघीस करत बसली होती. ठेकेदाराने हसत हसत चौरस फुटामागे थोडे रुपये कमी केले, आणि ते का परवडलं हे आता कळलं. पैसा मापात होता. जाडी आणि क्षेत्रफळ गिलावा झाल्यावर कुणालाच दिसत नाही. खांब उघडा असतानाच सोसायटीच्या माणसाने टेप धरून, खडूने खांबावर आकडा लिहून फोटो काढला तरच ते हाती राहतं.

नव्या कामात बाईंची फी ठरीव आहे, टक्केवारी नाही. ठेकेदार निविदेतून आला, आणि पॉलिमरचे रिकामे डबे मोजून झाल्याशिवाय बिल पास होत नाही. खांबांना टेकू लावून जॅकेटिंग, म्हणजे जुन्या खांबाभोवती नव्या सळया आणि काँक्रीटचं कवच घालणं, चालू आहे. त्यासाठी प्रत्येक घरावर पुन्हा वर्गणी बसली, ती वेगळीच.

जुन्या दोघांवर ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. कन्सल्टंट म्हणतो, मी फक्त सल्लागार, काम ठेकेदाराचं. ठेकेदाराच्या वकिलाने मेजरमेंट शीटच्या, म्हणजे कामाची मापं नोंदवलेल्या कागदांच्या, प्रती जोडल्यात. प्रत्येक पानावर कन्सल्टंटची सही आहे, आणि तिच्याखाली आमच्या सेक्रेटरींची, सोसायटीच्या शिक्क्यासकट. आमचे वकील म्हणतात, शिक्क्याचं उत्तर द्यायला गेटची वही मूळ स्वरूपात लागेल, झेरॉक्स चालणार नाही.