तीन लॅपटॉप, एक सम: लिंक, मिडी क्लॉक की एनटीपी?

एकाकडे टायडल सायकल्स, दुसऱ्याकडे सोनिक पाय, तिसऱ्याकडे सुपरकोलायडर (तिन्ही कोड लिहून संगीत बनवायची सॉफ्टवेअर) आणि तिघांना एकत्र लाइव्ह कोडिंग, म्हणजे लोकांसमोर कोड लिहीत संगीत वाजवणं, करायचंय, तर "सगळे 120 बीपीएम (मिनिटाला 120 बीट) टाकू आणि एक-दोन-तीन म्हणून एंटर दाबू" हे डोक्यातून काढा. एंटर एका क्षणी दाबलं जात नाहीच, पण समजा गेलं, तरी प्रत्येक मशीनच्या आतल्या घड्याळाचं क्रिस्टल किंचित वेगळं पळतं. दोघांत दहा लाखात 50 चा फरक धरला तरी मिनिटाला 3 मिलिसेकंद होतात, अर्ध्या तासात 90, आणि 120 ला पाव बीट असतो 125 मिलिसेकंदांचा, म्हणजे शेवटी शेवटी दोघांचे हायहॅट एकमेकांच्या मधेच पडायला लागतात.

मशीन सतत जुळवून ठेवायचे मार्ग तीन. मिडी क्लॉक सगळ्यात जुना, मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती भाषा. एक मशीन टिक पाठवणार, बीटला 24, बाकीचे मागे मागे. टेम्पोचा आकडा त्यात जातच नाही, टिक मोजून समोरच्यानं अंदाज बांधायचा, आणि 120 ला दर 20.8 मिलिसेकंदांनी यायची टिक जरा पुढंमागं झाली की टेम्पो थरथरतो. कुणी मधेच जॉइन झालं तर नुसत्या टिकांवरून आपण कितव्या बीटवर आहोत ते कळत नाही. ड्रम मशीन किंवा जुना सिंथ सोबत असेल तर हा लागेलच, पण फक्त लॅपटॉप असतील तर मी नाही वापरणार.

एबलटन लिंक 2016 ला आलं आणि एका खोलीतल्या लोकांसाठी माझं मत सरळ यालाच. इथं कुणी मालक नाही, मशीन एकमेकांना पिंग करून घड्याळातला फरक मोजतात आणि टेम्पो, बीट, फेज (आवर्तनात आत्ता कुठं आहोत ते) शेअर होतो, एकाचा लॅपटॉप बंद पडला तरी बाकीचे चालू. टायडलमध्ये 1.9 पासून, सोनिक पायमध्ये 4 पासून, सुपरकोलायडरमध्ये 3.11 पासून लिंकक्लॉक म्हणून आहे. लिंकमधला क्वांटम म्हणजे आपलं आवर्तन समजा, फेज शून्य म्हणजे सम. सगळ्यांनी क्वांटम सारखा ठेवला तर समेवर सगळे सोबत येतात, तुम्ही रूपकासाठी 7 ठेवला आणि मित्रानं 8, तर सम 56 बीटनी एकदा जुळेल (आणि मुद्दाम केलं तर हे फार सुंदर वाटतं). टेम्पो मात्र कुणीही बदलू शकतो आणि तो सगळ्यांचाच बदलतो, त्यामुळं कोण बदलणार ते आधी ठरवून घ्या.

लिंकची खरी अडचण नेटवर्कची. त्यात मशीन मल्टिकास्टवर, म्हणजे नेटवर्कवर सगळ्यांना एकदम हाक मारून, एकमेकांना शोधतात, आणि बऱ्याच हॉलच्या वायफायवर डिव्हाइसना एकमेकांशी बोलूच देत नाहीत. आम्ही एकदा साउंडचेकचा पाऊण तास यातच घालवला, लिंक शून्य पीअर (जोडलेली मशीन) दाखवत होतं आणि आम्ही कोडमध्ये चूक शोधत बसलो! तेव्हापासून स्वतःचा साधा राउटर आणि लॅन केबल बॅगेत असतेच, इंटरनेट नसलं तरी चालतं. फायरवॉलही आधी बघून घ्या.

एनटीपी म्हणजे नेटवर्कवरून कॉम्प्युटरची घड्याळं जुळवायची पद्धत. तिनं एका लॅनवर घड्याळं मिलिसेकंदाच्या आसपास जुळतात आणि ओएससीचे (संगीताची सॉफ्टवेअर एकमेकांना मेसेज पाठवतात ती पद्धत) टाइमटॅग त्याच फॉरमॅटचे असतात, पण त्यातून कळतं फक्त किती वाजले ते, बीट शून्य कधी होता आणि टेम्पो कधी बदलला हे तुम्हीच मेसेजनं पाठवायचं. मोठा ग्रुप असेल, सगळे सुपरकोलायडरवर असतील आणि कोड लिहायची हौस असेल तर करा. कॅनडातल्या मॅकमास्टर युनिव्हर्सिटीच्या सायबरनेटिक ऑर्केस्ट्रा या लॅपटॉप ऑर्केस्ट्रासाठी डेव्हिड ऑगबॉर्न यांनी याच गरजेतून एस्पग्रिड हे मशीन जुळवणारं सॉफ्टवेअर बनवलं.

एकजण पुण्यात आणि दुसरा टोरांटोत असेल तर वरचा सगळा हिशोब सोडा. लिंक लोकल नेटवर्कपुरतंच आहे, त्यापेक्षा एस्च्युअरीसारखं ब्राउझरमधलं काहीतरी घ्या, तिथं नेटवरून फक्त कोड जातो आणि आवाज प्रत्येकाकडे तिथल्या तिथं बनतो.

आणि लिंक जुळलं म्हणजे कानाला जुळलं असं नाही हां. सुपरकोलायडर डिफॉल्टनं 0.2 सेकंद लेटन्सी (आवाज यायला लागणारा उशीर) धरतं, प्रत्येकाचा ऑडिओ बफर (वाजण्याआधी आवाज साठतो ती जागा) वेगळा, स्पीकर 3.4 मीटर लांब असला की अजून 10 मिलिसेकंद. म्हणून प्रत्येकानं फक्त एक क्लॅप समेवर लावायचा, मधे फोन ठेवून रेकॉर्ड करायचं, वेव्हफॉर्म झूम करून कोण किती मागं आहे ते बघायचं आणि तेवढी लेटन्सी ज्याच्या त्याच्या कोडमध्ये बदलायची, दहा मिनिटांचं काम आहे.